पेटीला एकटीनं बोलायला लावणारे गोविंदराव टेंबे

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. गणपतीत, एकादशीला, कुणाच्या घरी भजन असलं की पेटी निघते. पेटी म्हणजे हार्मोनियम, वेगळं सांगायला नको. याच घरांतली नवी पोरं आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर पियानोचा आवाज लावतात आणि स्वतःच्या धून बांधतात. गाणारा कुणी नाही, शब्द नाहीत. नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि दहा बोटं. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. छान वाजवतोस, पण यावर गाणार कोण?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका तरुणापुढे होता. त्यानं त्याचं उत्तर वाजवून दिलं. त्याचं नाव गोविंद सदाशिव टेंबे. पुढे अख्खा महाराष्ट्र त्यांना गोविंदराव म्हणू लागला. 5 जून 1881 हा त्यांचा जन्मदिवस. आज मानापमानमधली पदं गुणगुणणारे पुष्कळ सापडतील, पण त्या चाली कुणी दिल्या हे विचारलं तर बरेच जण बालगंधर्वांचं नाव घेऊन थांबतात.

गोविंदराव लहान असताना पेटीची प्रतिष्ठा ती काय होती? हे वाद्य मुळात युरोपातलं. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. तिकडे ते पायानं भाता मारून वाजवायचं, खुर्चीवर बसून. आपल्याकडे लोक जमिनीवर बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताच्या भात्याची, मांडीजवळ घेऊन वाजवता येईल अशी पेटी केली आणि मग ती देशभर गेली. कीर्तनात गेली, तमाशात गेली, पारशी नाटक कंपन्यांत गेली. स्वस्त, टिकाऊ, पावसात तार उतरायची भीती नाही. शिकायला सोपी. पण मोठ्या गवयांच्या बैठकीत तिला मागे बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ, अशी स्थिती. सारंगीवाला हा कलावंत आणि पेटीवाला म्हणजे सूर धरून ठेवणारा माणूस.

अशा वाद्यावर हा मुलगा लागला, आणि तेही जवळजवळ स्वतःच शिकून. पेटीचा कुणी मोठा उस्ताद त्याला बसवून शिकवत नव्हता, कारण पेटीचे उस्ताद फार नव्हतेच. जे होते ते गाणारे. त्यामुळे गोविंदरावांनी पेटी शिकली ती गाणं ऐकून. ही गोष्ट वरवर साधी वाटते, पण त्यांचं पुढचं सगळं आयुष्य यातून निघालं.

त्या काळचं कोल्हापूर म्हणजे गाण्याचं माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 च्या आसपास अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतलं होतं. जयपूर-अत्रौली घराण्याचं हे अवघड, पेचदार गाणं कोल्हापूरकरांच्या कानावर रोज पडायला लागलं. दुसरीकडे देवल क्लब होता. तिथं गाणं ऐकायचं, त्यावर वाद घालायचा, चुकलेल्याला तोंडावर सांगायचं. गोविंदराव या क्लबात तयार झाले आणि आपल्या संगीताची खरी सुरुवात तिथली, हे त्यांनी कायम मानलं.

मग भेटले भास्करबुवा बखले. बुवांची स्वतःची तालीम तीन घराण्यांची, आणि सुरतेच्या वाचकांना यात आपला धागा सापडेल. बुवा ग्वाल्हेरची गायकी शिकले ते शेजारच्या बडोद्यात, फैज महंमद खाँसाहेबांकडे. नंतर आग्र्याचे नथ्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ. म्हणजे बुवांच्या मैफलीत पेटीवर बसायचं तर तीन घराण्यांचं गाणं एका रात्रीत झेलायचं. गोविंदरावांनी ते केलं. गंडा बांधून समोर बसून शिकण्यापेक्षा बुवांच्या मागे पेटीवर बसून त्यांनी जे उचललं ते जास्त होतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीतही तसंच. रीतसर शागिर्दी नाही, पण ऐकून, चिकटून राहून, पिच्छा पुरवून ती गायकी त्यांनी बोटांत आणली.

साथीची पेटी आणि एकट्याची पेटी यात फरक काय?

साथीला बसणारा गवयाच्या मागून जातो. गवई तान घेऊन समेवर आला की मधली जागा भरायची, बस. पण गवई उठून गेला आणि पेटी एकटी राहिली, तर तिचे दोष उघडे पडतात. पेटीत प्रत्येक सुराची पितळी पत्ती ठरलेली. पट्टी दाबली की तो सूर वाजतो, सोडली की थांबतो. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. सतार तार ओढून ते करते, सारंगी बोट सरकवून करते. पेटीला ते येत नाही. दरबारीचा गंधार हलवायचा, तर हलवणार कसा? पट्टी हलत नाही. पियानोचंही हेच दुखणं आहे. तिथं तर सूर एकदा वाजला की विरत जातो. पेटीत निदान भात्याच्या जोरावर तो धरून ठेवता येतो.

म्हणून पेटी एकट्यानं वाजवणारा हा एक प्रकारचा जादूगार असावा लागतो. नसलेली मींड ऐकणाऱ्याला भासली पाहिजे. त्यासाठी शेजारच्या सुराला ओझरता स्पर्श करून मुख्य सुरावर यायचं, त्याला कण म्हणतात. भात्याचा दाब कमी-जास्त करून सूर फुगवायचा, उतरवायचा. कुठं थांबायचं हे कळलं पाहिजे, कारण गवई श्वासासाठी थांबतो, पेटीला श्वास लागत नाही आणि म्हणूनच वाईट पेटीवाला कधी थांबतच नाही. गोविंदरावांची कीर्ती झाली ती या एकल वादनामुळे. पेटी ऐकायला म्हणून लोक तिकीट काढून, रात्र जागवून बसतील, ही कल्पनाच आधी नव्हती. बुवांकडून, खाँसाहेबांकडून ऐकलेलं ख्यालाचं गाणं, ठुमरी, नाट्यपद, हे सगळं शब्दांशिवाय उभं करायचं. पियानोवर एकट्यानं बसून मनातलं सांगणारे युरोपातले संगीतकार जे करत होते, त्याला आपल्याकडचं सर्वात जवळचं काम हेच म्हणावं लागेल, फरक इतकाच की इथं कागदावर काही लिहिलेलं नसायचं. रचना तिथल्या तिथं व्हायची आणि भाता बंद झाला की संपायची.

तिशीच्या उंबरठ्यावर गोविंदरावांच्या हाती वेगळं काम आलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या कीचकवध नाटकावर 1910 मध्ये इंग्रज सरकारनं बंदी घातली होती. खाडिलकर मग संगीत नाटकाकडे वळले आणि किर्लोस्कर मंडळीसाठी मानापमान लिहायला घेतलं. श्रीमंताची मुलगी भामिनी आणि गरीब पण शूर धैर्यधर, अशी गोष्ट. चालींसाठी गोविंदरावांना बोलावलं गेलं.

तोवरची पद्धत अशी की नाटककारच चाली ठरवायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, साकी-दिंडीच्या, कानडी मुलखातल्या चाली घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी आणि गुजराती रंगभूमीवरच्या चाली मराठीत आणल्या. म्हणजे आज नाट्यसंगीत म्हणून आपण ज्याला शुद्ध मराठी समजतो, त्यात कर्नाटकही आहे आणि गुजरातही. सीमेवर राहणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

गोविंदरावांनी तिसरीच वाट धरली. पूर्वेकडची, म्हणजे बनारस-लखनऊकडची ठुमरी, दादरा, कजरी, होरी. ती गायची कोठ्यांवरच्या गायिका. घरंदाज मराठी प्रेक्षकानं, विशेषतः बायकांनी, ते गाणं कधी समोर बसून ऐकलेलं नव्हतं, ऐकायची सोयच नव्हती. ते गाणं गोविंदरावांनी उचललं, त्यातला नखरा ठेवला, उठवळपणा गाळला आणि बालगंधर्वांच्या गळ्यात घातलं. चाल आधी, शब्द मागून. खाडिलकरांनी त्या चालींच्या मापानं पदं लिहिली. 12 मार्च 1911 ला मुंबईत पहिला प्रयोग झाला आणि मराठी नाटकाच्या गाण्याचा बाज बदलला. नाटकासाठी स्वतंत्र संगीत दिग्दर्शक असावा, ही रीत खऱ्या अर्थानं इथून सुरू झाली.

आता जरा विचार करा. हे काम एखाद्या गवयाला का दिलं गेलं नाही? गवई आपल्या घराण्याचं देतो. पेटीवाला मात्र दहा जणांच्या मागे बसलेला असतो. कुणाची कुठली जागा लोकांना भिडते, कुठं माना डोलतात, कुठं जांभया येतात, हे त्याला मागून दिसतं. गोविंदरावांनी ती वर्षानुवर्षांची जमा मानापमानात एकदम खर्च केली.

नोव्हेंबर 1911 मध्ये नानासाहेब जोगळेकर गेले आणि किर्लोस्कर मंडळीत धुसफूस वाढली. 5 जुलै 1913 ला गंधर्व नाटक मंडळी निघाली. भागीदार तिघे : बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. कागदावर याहून चांगली भागीदारी सापडणार नाही. एकाकडे गळा आणि रूप, दुसऱ्याकडे अभिनय, तिसऱ्याकडे चाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रयही कंपनीला मिळाला. पण ज्यांनी भागीदारीचे धंदे पाहिलेत त्यांना माहीत असतं, की नफा वाटण्याआधी मान वाटावा लागतो आणि तिथंच खातं बिघडतं. प्रेक्षक येत होते बालगंधर्वांसाठी. दोनेक वर्षांत गोविंदराव बाहेर पडले. पुढे 1916 मध्ये या कंपनीनं स्वयंवर आणलं, त्याच्या चाली दिल्या भास्करबुवांनी, म्हणजे गोविंदरावांच्या गुरुस्थानी असलेल्या माणसानं.

गोविंदरावांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तिथं नाटक त्यांचं, पदं त्यांची, चाली त्यांच्या आणि वर तोंडाला रंग लावून उभे राहणारेही तेच. पटवर्धन, तुलसीदास ही त्यांची नाटकं. एकट्यानं मैफल उभी करण्याची सवय असलेल्या माणसानं कंपनीही तशीच चालवायला घेतली म्हणायची. पण पेटीला भाता एक पुरतो, कंपनीला रोज पन्नास तोंडं असतात. नाटककंपन्यांचे दिवस फिरायला लागले होते. गंधर्व मंडळीसुद्धा कर्जात गेली, तिथं इतरांचं काय. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून जो संयुक्त मानापमान केला, त्याची कथा आजही सांगतात. दोन कंपन्या, दोन मोठे नट, मुंबईत तिकिटांसाठी झुंबड. आणि दोघांच्याही तोंडी पदं होती ती दहा वर्षांपूर्वी गोविंदरावांनी पेटीवर बसून जुळवलेल्या चालींची.

पन्नाशीत पुन्हा एक नवी सुरुवात. 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली होती. मार्च 1931 मध्ये आलम आरा आला आणि मुकपटांचा धंदा एका रात्रीत जुना झाला. प्रभातनं बोलपट करायचं ठरवलं, विषय घेतला हरिश्चंद्राचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. 6 फेब्रुवारी 1932 ला अयोध्येचा राजा मुंबईत लागला. हा पहिला मराठी बोलपट मानला जातो. हिंदीतही तो वेगळा काढला होता. त्या वेळी पार्श्वगायन नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर गायचं, वाजवणारे आडोशाला, आणि एक सूर चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाटकात चुकलेली तान प्रेक्षक विसरतो, फिल्मवर ती कायमची राहते. रात्रभर चालणारी नाट्यपदं इथं काही मिनिटांत बसवायची होती. ते गणित गोविंदरावांनी जमवलं. त्याच वर्षी अग्निकंकण आणि माया मच्छिंद्र आले. माया मच्छिंद्रमध्ये मच्छिंद्रनाथही तेच होते. 1933 मध्ये सिंहगड आणि सैरंध्री. मग प्रभात पुण्याला गेली, तिथं केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव आले आणि गोविंदरावांचा हा अध्याय संपला.

एव्हाना पेटीवर एक वेगळंच संकट येऊ घातलं होतं.

पेटीचे सूर आपल्या संगीताला बसत नाहीत, ही तक्रार जुनी. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे, आपल्याकडे श्रुतींचा हिशेब बारीक. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी यावर उपाय म्हणून 1911 च्या सुमारास श्रुतींची पेटी बनवून घेतली होती. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बरीच घासाघीस झाली. ती पेटी काही घरोघर गेली नाही. मींडेचा प्रश्न तर तिनंही सुटणार नव्हता. रवींद्रनाथ टागोरांचा पेटीवर राग होता. रेडिओतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही ती नकोशी. अखेर 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. एकट्यानं वाजवायची तर सोडाच, साथीलाही नाही.

गोविंदराव तेव्हा साठीला टेकले होते. ज्या वाद्यावर त्यांनी नाव कमावलं ते वाद्य देशाच्या रेडिओवर चालणार नाही, असा हुकूम निघाला. हजारो पेटीवाल्यांच्या पोटावर पाय आला ते वेगळंच.

गंमत अशी, किंवा दुःख म्हणा, की पेटीचे दोष गोविंदरावांइतके कुणालाच माहीत नव्हते. तिच्यावर हुकूम चालवणारा हा माणूस उत्तरायुष्यात पेटीकडून गाण्याकडे वळला. आयुष्यभर बोटांनी गळ्याची नक्कल केली आणि शेवटी गळाच जवळ केला. याला पेटीचा पराभव म्हणायचं का? तसं वाटत नाही. टागोरांनी आणि साहेबांनी पेटी बाहेरून नाकारली. गोविंदराव तिच्या शेवटच्या पट्टीपर्यंत जाऊन आले आणि मग पुढे रस्ता नाही हे त्यांनी पाहिलं. दोन्हींत फरक आहे. बंदी घालणाऱ्यांची तक्रार अर्धी खरी होती, पण तक्रार खरी असली म्हणून वाद्याचं तोंड बांधायचं नसतं. आणि एक मौज. पेटीला नावं ठेवणारे गवईसुद्धा आपला सूर सांगताना काळी एक, पांढरी चार असंच सांगत आले. पट्टी पेटीचीच.

या काळात गोविंदरावांनी लिहायला घेतलं, आणि इथं त्यांचं मोल खरं कळतं. माझा संगीत व्यासंग हे पुस्तक 1939 मधलं. माझा जीवनविहार हे आत्मचरित्र 1948 चं. 1954 मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र दिलं. खाँसाहेब 1946 मध्ये मुंबईत गेले होते. आपला आवाज तबकडीवर द्यायला ते कधी तयार झाले नाहीत. म्हणजे एवढा मोठा गवई आणि ऐकायला आज एक मिनिट नाही. शिष्यांच्या गळ्यात जे राहिलं ते राहिलं, बाकीचं माणसांच्या आठवणीत. त्यातलं बरंच या पेटीवाल्यानं कागदावर उतरवून ठेवलं. मागे बसून ऐकणाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकण्याचंच काम केलं. महाश्वेता, जयदेव अशा संगीतिकाही त्यांनी लिहिल्या.

9 ऑक्टोबर 1955 ला गोविंदराव गेले. तेव्हा रेडिओवरची बंदी चालूच होती. 1971 नंतर ती सैल होत गेली, साथीला पेटी चालू लागली. एकल वादनाला मात्र पुढेही कितीतरी वर्षं दार लावलेलंच राहिलं.

दार लावलेलं असतानाही वाजवणारे थांबले नाहीत. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी पेटी मैफलीत पुढे आणून बसवली. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर झाले, रामभाऊ बिजापुरे झाले. रामभाऊंनी तर बेळगावात बसून कानडी आणि मराठी, दोन्ही घरच्या मुलांना पेटी शिकवली. भाषेचा वाद बाहेर कितीही पेटलेला असो, शिकवणीच्या खोलीत सा एकच होता.

मानापमानच्या चाली अजून गायल्या जातात, स्पर्धांत, गणेशोत्सवात, इथं सुरतेतही. कार्यक्रमपत्रिकेत पदाखाली बालगंधर्वांचं नाव असतं, कधी खाडिलकरांचं. तिसरं नाव छापायला एक ओळ पुरते.